मोळी, राब आणि नरक्या: सह्याद्रीची झाडी कोण घडवते?

कोकणातल्या पायथ्याच्या गावातून सह्याद्रीचा चढ चढू लागले, की झाडी टप्प्याटप्प्याने बदलत जाते. गावालगत ऐन आणि किंजळ सरळ सोट उभे असतात. बुंध्यावर फांद्या नाहीत, शेंड्याला तेवढा पानांचा झुबका. त्याच्या वर कारवीने भरलेला उतार लागतो. माथ्यावर झाडे संपतात आणि कातळाचा सडा किंवा गवताचे पठार सुरू होते. मध्येच एखाद्या घळीत भर दुपारी काळोख वाटावा अशी राई उभी असते. हा सगळा बदल उंची, पाऊस आणि माती यांमुळे होतो, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण पुरे नाही. ऐनाच्या फांद्या भाताच्या रोपांसाठी गेल्या आहेत. कारवीच्या काठ्या घरांच्या कुडांत गेल्या आहेत. पठारावरचे गवत म्हशींनी आणि वणव्यांनी राखले आहे. आणि राई टिकली, कारण तिथे देवाची हद्द होती.

सह्याद्रीत माणसाचा हात न लागलेले रान शोधायला गेलो, तर फार थोडे सापडेल. म्हणूनच इथल्या वनस्पतींच्या रक्षणाचा विचार करताना दोन सोपी उत्तरे बाजूला ठेवावी लागतात. पहिले उत्तर असे, की माणसे हटवली म्हणजे रान वाचते. दुसरे असे, की गावकरी रानाचे कधी नुकसान करतच नाहीत. झाडाच्या बाजूने पाहिले तर खरे प्रश्न चार आहेत. त्याचा कोणता भाग घेतला? कोणत्या ऋतूत घेतला? किती घेतला? आणि कुठे थांबायचे, हे कोणी ठरवले? एकच डोंगर या चार प्रश्नांच्या उत्तरांनुसार हिरवाही राहतो आणि उघडाही पडतो.

राबाचे गणित

घाटाच्या पश्चिम उतारावर आणि कोकणात पाऊस जोराचा आणि मोजक्या महिन्यांचा. भाताचे रोप लावणीसाठी वेळेत तयार झाले नाही, तर वर्ष गेले. म्हणून शेतकरी रोपवाटिकेची जागा आधी भाजून घेतो. या जागेला कुठे आवण म्हणतात, कुठे दाढ, तर कुठे तरवा. त्यावर शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्यांचे कवळ, गवत आणि पालापाचोळा यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते सावकाश जाळतात. हा राब. आचेने तणांचे बी मरते, मातीतली कीड आणि रोगकारक बुरशी कमी होते. राखेतून पालाश मिळते आणि तापलेल्या मातीतले नत्रही रोपाला लवकर लागू होते. त्यामुळे रोप जोमाने उठते. नाचणी आणि वरईसाठीही हीच रीत वापरतात. अडाणीपणाने चालत आलेली ही पद्धत नाही. मुसळधार पावसाच्या मुलखात तिच्यामागे पक्के शेतीशास्त्र आहे.

पण तिची किंमत झाड चुकवते. पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. दरवर्षी फांद्या छाटल्या, तर साठवलेले अन्न नवी पालवी फोडण्यातच खर्च होते. फुलासाठी आणि फळासाठी काही उरत नाही. ऐन आणि किंजळ यांना छाटणी सोसते, ते पुन्हा फुटतात. ज्या झाडांना असे फुटता येत नाही, ती गावाजवळून हळूहळू नाहीशी होतात. झाडे उभीच दिसतात, त्यामुळे रान शाबूत आहे असे वाटते; प्रत्यक्षात त्यातली विविधता आटलेली असते आणि बी न धरणाऱ्या म्हाताऱ्या झाडांखाली नवी रोपे उगवत नाहीत. जाड, जुन्या, शेवाळलेल्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरींचा (ऑर्किडचा) आसराही छाटणीबरोबर जातो.

राबावरून इंग्रज सरकार आणि ठाणे-कुलाब्याचे शेतकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला. १८७८च्या वन कायद्याने रानाचे मोठमोठे पट्टे सरकारने राखीव केले. शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ ते १८८७ या काळात मुंबई इलाख्याला वन आयोग नेमून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची चौकशी करावी लागली. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्या चौकशीतला एक कळीचा मुद्दा होता. रानाचा नाश कुणबी आणि आदिवासी करतात, असे वनखात्याचे म्हणणे होते. पण त्याच काळाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १८५३मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८६३मध्ये ती बोरघाट चढली आणि १८६५मध्ये थळघाट. रुळांखालच्या लाकडासाठी, बांधकामासाठी आणि वाढत्या मुंबईच्या चुलींना लागणाऱ्या सरपणासाठी व कोळशासाठी याच डोंगरांतून माल जात होता. शेतकरी फांदी तोडत होता आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत येत होता. व्यापारी झाडच नेत होता आणि त्याला परत यायचे नव्हते. वापरणाऱ्याला त्याच जागी पुन्हा यायचे आहे की नाही, यावर रानाचे पुष्कळसे भवितव्य ठरते.

कातकरी आणि ठाकर समाजाच्या दळी शेतीतही हाच हिशेब दिसतो. उतारावरची झुडपे तोडून जाळायची, दोन-तीन वर्षे नाचणी-वरई घ्यायची आणि मग तो तुकडा बरीच वर्षे पडीक ठेवायचा. पडीक काळ लांब असतो, तोवर खोडांना धुमारे फुटतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते आणि रान परत उभे राहते. जमिनी राखीव झाल्या, उरलेल्या तुकड्यांवर माणसांची संख्या वाढली आणि पडीक काळ आखूड झाला. मग तीच पद्धत माती धुऊन नेऊ लागली. पद्धत तीच राहिली. तिला लागणारी मोकळीक मात्र काढून घेतली गेली.

पठारावरची गुरे आणि फुले

घाटमाथ्याचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांच्या जीवनाचा अभ्यास करून १९८२मध्ये तो प्रसिद्ध केला. खोऱ्यात कुणबी भात पिकवत आणि वरच्या डोंगरावर गवळी धनगर म्हशी पाळत. धनगर लोणी देत आणि बदल्यात धान्य घेत. दोन समाजांनी डोंगराचे दोन थर वाटून घेतले होते, त्यामुळे एकाच जागेवर दोघांचा भार पडत नव्हता. पुढे खोऱ्यांत धरणे झाली. काही खेड्यांची सुपीक जमीन पाण्याखाली गेल्यावर माणसे वर सरकली आणि उतारांवर शेती करू लागली. धरणांबरोबर रस्ते आले आणि रस्त्यांबरोबर कोळशाचे ठेकेदार. पानशेत परिसरात आंबा-हिरड्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडेही पुण्याच्या कोळशासाठी कशी विकली गेली, हे गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे.

पठारे मात्र वेगळी आहेत. तिथे जांभ्याच्या कातळावर काही ठिकाणी जेमतेम बोटभर माती असते. उन्हाळ्यात कातळ तापतो, पावसाळ्यात त्यावर पाणी साचते. अन्नद्रव्ये कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती बारीक किडे पकडून नत्र मिळवतात. गेंद, तेरडा, कंदीलपुष्प, डबक्यांत वाढणारा वायतुरा अशा कितीतरी वनस्पती या थोड्याशा मातीवर पावसाळ्याच्या मोजक्या काळात वाढून फुलून घेतात. साताऱ्याजवळच्या, सुमारे १,२०० मीटर उंचीच्या कास पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५०च्या आसपास जाती नोंदवल्या आहेत. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत महाराष्ट्रातली चार ठिकाणे घेतली, त्यांत कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासही आहे.

वारसा जाहीर झाला आणि गर्दी उसळली. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला कुंपण घातले. हेतू चांगला होता. पण कुंपणाने पर्यटकांबरोबर गुरेही बाहेर राहिली. गेंद आणि सीतेची आसवे या वनस्पती सहसा वीतभरही उंच नसतात. त्यांना उघडे आभाळ लागते. गुरे उंच गवत खातात, तेव्हा या ठेंगण्यांना ऊन मिळते. चराई थांबली तर गवत माजते, वाळून तिथेच पडते आणि खालच्या रोपांना झाकून टाकते. फुलांचे गालिचे विरळ झाल्याची तक्रार स्थानिक लोक आणि काही अभ्यासक करू लागले आणि अखेर ते कुंपण काढण्यात आले. फुलांचा बहर पावसाच्या लहरीवरही अवलंबून असतो, म्हणून सगळा दोष कुंपणाला देणे बरोबर नाही. तरी एवढे स्पष्ट आहे, की शेकडो वर्षे गुरे चरत आलेल्या जागेवरून गुरे अचानक हटवणे हाही एक मोठा हस्तक्षेपच असतो.

याचा अर्थ चराई हवी तेवढी चालेल असाही नाही. शेळ्या-मेंढ्या उतारावर वर्षभर फिरत राहिल्या, तर कोवळे रोप वाढूच शकत नाही. शिंदळ माकुडी या वनस्पतीकडे पाहा. निकोल डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जुन्नर भागातून तिचे वर्णन केले आणि मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. मांसल खोडाची ही बुटकी वनस्पती पावसाळ्यात पाने धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून देते. शिवनेरी, सज्जनगड, पुरंदर-वज्रगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर ती आढळते. शेळी पोचते तिथे ती सहसा दिसत नाही, उभ्या कड्याच्या कपारीत मात्र ती टिकली. तिचे छाट लावले की ते सहज रुजतात; पुण्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची रोपे बागांत वाढवून दाखवली आहेत. म्हणजे रोप तयार करणे सोपे आहे, त्याला डोंगरावर निर्धोक जागा देणे अवघड आहे. वनस्पतींच्या रक्षणाचे काम नर्सरीत सुरू होत असले, तरी ते तिथे संपत नाही.

चराईसारखेच वणव्याचेही आहे. डिसेंबरनंतर गवत वाळते आणि माघ-फाल्गुनात डोंगर पेटू लागतात. जळल्यावर नवे गवत चांगले येते, या समजुतीने कुठे मुद्दाम आग लावली जाते. कुठे विडीच्या थोटकाने किंवा रानात केलेल्या स्वयंपाकाने लागते. जमिनीखाली कंद असलेल्या वनस्पती आगीतून वाचतात, पण झाडांची दोन-तीन वर्षांची रोपे मरतात. दरवर्षी आग लागली, तर एकही रोप आगीला पुरून उरण्याइतके जाड होत नाही. मोठी झाडे म्हातारी होत जातात, त्यांची जागा घ्यायला कोणी नसते, आणि शेवटी त्या उतारावर कुसळी गवत तेवढे उरते. वनखाते जाळरेषा काढते. त्या उपयोगी आहेतच. पण वणवा विझवायला सर्वांत आधी पोचणारा माणूस शेजारच्या गावातलाच असतो. त्याला त्या रानातून काही मिळत असेल, तरच तो रात्री उठून झोडपण्यासाठी ओला टहाळा घेऊन धावेल.

पान, फळ आणि मूळ

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ: झाडाचा कोणता भाग घेतला? वनोपज गोळा करणाऱ्यांच्या जगात यासारखा निर्णायक प्रश्न नाही.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बाया फोडशीच्या हिरव्या जुड्या घेऊन बसतात. गवतासारख्या दिसणाऱ्या या पानांची भाजी होते. पाने खुडली तरी जमिनीतला मुळांचा झुबका जिवंत राहतो आणि रोप पुढच्या वर्षी उगवते. याच कुळातली सफेद मुसळी ही एक जात. तिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, कारण तिथल्या डोंगरांतून ती शास्त्राला कळली. शक्तिवर्धक म्हणून सफेद मुसळीच्या मुळांना बाजारात मोठी मागणी आली आणि खणणे सुरू झाले. मूळ काढले म्हणजे रोप गेले. पान खाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही भाजी खाल्ली आणि ती टिकली. मुळाच्या बाजाराने थोड्याच वर्षांत रानातली मुसळी दुर्मीळ करून टाकली. कंदीलपुष्पांचे कंदही गुराखी आणि मुले खणून खातात. काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच असल्याने तिथे मूठभर कंदसुद्धा मोठी हानी ठरते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती वाढवून त्यांचे जतन करण्याचे मोलाचे काम केले आहे.

मुळाच्या बाजाराची सर्वांत मोठी गोष्ट नरक्या या झाडाची आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून अमेरिकेला जातो. मनसुख वाणी हे नंदुरबारमध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९६६मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्यांनी आणि मनरो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. कर्करोगाच्या पेशींचे विभाजन त्याने थांबते. पुढे याच जोडीने टॅक्सॉलही शोधले. १९७२मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना कॅम्पटोथेसिन पश्चिम घाटातल्या नरक्यात सापडले, आणि चिनी झाडापेक्षा अधिक प्रमाणात. त्यापासून बनवलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे १९९६पासून अमेरिकेत वापरात आली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आजही दिली जातात.

सह्याद्रीच्या सदाहरित रानातल्या एका छोट्या झाडाने असंख्य माणसांना आयुष्य दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या झाडाचे काय झाले? हे द्रव्य वाळलेल्या लाकडातही टक्क्याच्या दशांशांत मोजावे इतके थोडे असते. त्यामुळे किलोभर द्रव्यासाठी ढिगांनी लाकूड लागते. मुळांत ते अधिक, म्हणून झाड मुळासकट उपटण्याकडे कल. ठेकेदारांनी घाटातल्या गावांत माणसे लावली, लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून बाहेर गेले, आणि दिवसभराच्या कष्टांची मजुरी सोडली तर गावात काही राहिले नाही. बेकायदा नरक्या पकडल्याच्या बातम्या आजही येतात. जमिनीपासून थोडे वर कापले, तर नरक्याच्या खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. मुळे राखून आणि पाळीपाळीने कापून हाच माल अनेक वर्षे मिळवता आला असता. पण या रानावर हक्क कोणाचा, हे स्पष्ट नव्हते. म्हणून प्रत्येकाला वाटले, मी नाही नेला तर दुसरा नेईल. हक्काची अनिश्चितता झाडाला कुऱ्हाडीइतकीच घातक ठरते.

फळाचा व्यवहार तुलनेने सौम्य. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात हिरडा मोठा आधार देतो. कोवळी फळे वाळवून बाळहिरडा विकला जातो. तो औषधांत, रंगकामात आणि कातडी कमावण्यासाठी लागतो. शेताच्या बांधावरची हिरड्याची झाडे या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची बरीच झाडे मोडली, तेव्हा किती घरांचे वर्षाचे गणित कोसळले, हे तालुक्याने पाहिले. जे झाड घर चालवते, ते कोणी तोडत नाही, हा या पट्ट्याचा अनुभव आहे. तरी इथेही सावधगिरी हवी. बाळहिरडा म्हणजे बी धरण्याआधीच काढलेले फळ. सगळीच फळे कोवळी उतरवली, तर रानात नवा हिरडा उगवणार कुठून? काही झाडे पिकू द्यायची आणि फांदी न मोडता फळे उतरवायची, एवढी शिस्त पाळली तर हा व्यवहार दीर्घकाळ चालू शकतो.

संगमेश्वर आणि भीमाशंकर परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने हिरडा-बेहड्याच्या संकलनाला फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची जोड दिली. फळे नियमानुसार गोळा करायची, झाड तोडायचे नाही, आणि बदल्यात चांगला भाव. बेहड्याच्या जुन्या, अवाढव्य झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतात. एका बेहड्याचे लाकूड विकून मालकाला एकदाच थोडे पैसे मिळतात. फळांना चांगला भाव असेल, तर तेच झाड दरवर्षी मिळकत देते आणि धनेशही टिकतो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे आणि बहुतेक झाडी खासगी मालकीची आहे. तिथे उभे रान ठेकेदाराला विकून सपाट करण्याची रीत पडली आहे. लाकूड वीटभट्ट्यांना आणि बॉयलरना जाते. अशा जिल्ह्यात कायद्याच्या धाकापेक्षा उभ्या झाडाची मिळकत अधिक कामाची ठरते.

सरपणाचाही विचार इथेच करू. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई हे रानाच्या नाशाचे चित्र म्हणून वारंवार दाखवले जाते. ती बहुधा वाळलेले लाकूड वेचते, कारण ओले लाकूड जड असते आणि जळत नाही. मोळ्यांनी रान विरळ होते ते गावाभोवतीच्या पट्ट्यात. तिथला भार कमी करायचा तर तिला गॅसची टाकी परवडली पाहिजे. २०१६मध्ये उज्ज्वला योजना आल्यावर खेडोपाडी गॅसच्या शेगड्या पोचल्या, पण टाकी पुन्हा भरण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरात चूलच पेटते. डोंगरावरच्या झाडीचे रक्षण अशा वेळी रेशनकार्ड आणि मजुरीच्या दराशी जोडलेले असते.

देवराईतला नियम

थांबायचे कुठे हे कोणी ठरवले, या चौथ्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर देवराईत आहे. माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पिंजून काढल्या आणि १९७६मध्ये त्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची हकिगत गाडगीळ सांगतात. तिथली काळकाईची राई तोडण्याचा बेत वनखात्याने केला, तेव्हा ती वाचवायला मदत करा म्हणून गावकरी अभ्यासकांकडे आले. शेजारच्या राया तुटल्यावर ओढे आटल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. देवाचा धाक होताच. त्याच्या जोडीला पाण्याचा स्वच्छ हिशेबही होता.

देवराईत सगळ्याच वापराला बंदी असते असे नाही. कुठे पडलेले लाकूड देवळाच्या कामाला घेता येते, कुठे औषधापुरती साल काढता येते, कुठे पाणी भरता येते. कुऱ्हाड मात्र चालत नाही आणि विकण्यासाठी काही न्यायचे नाही. नियम गावाने केलेला आणि गावानेच पाळलेला. त्याचे फळ दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथे दिसते. रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल तिथल्या राईत टिकून आहे. श्वास घेणारी मुळे चिखलातून वर काढणारी ही झाडे अतिप्राचीन कुळातली, आणि महाराष्ट्रात असा अधिवास अत्यंत दुर्मीळ. शासनाने या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. दर्जा अलीकडचा, राखण कित्येक पिढ्यांची.

आज या राया नव्या संकटात आहेत. देवाची जागा तीच राहते, पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईतली झाडे विकून सिमेंटचे देऊळ, सभामंडप आणि गाडीरस्ता होतो. श्रद्धा जिवंत आहे, पण ती झाडांवरून इमारतीवर सरकली आहे. गावातली तरुण पिढी मुंबई-पुण्यात, राई सांभाळणारे म्हातारे मोजके. अशा वेळी देवळाची वर्गणी देणाऱ्या चाकरमान्याने एक अट घालावी: झाड तुटणार नसेल तरच पैसे. मंडळाच्या बैठकीत हे ठामपणे सांगणारी चार माणसे निघाली, तरी एक राई वाचते.

नियम कोणाचे, हक्क कोणाचा

या सगळ्यातून काय घ्यायचे? वनस्पती वाचवण्यासाठी पूर्ण बंदी लागते अशा जागा आहेत: एखाद्या कंदीलपुष्पाचा शेवटचा उतार, शिंदळ माकुडीचा कडा, रानटी जायफळाची दलदल. पण त्या थोड्या आहेत. उरलेल्या विशाल डोंगररानात प्रश्न बंदीचा नाही, वापराच्या शिस्तीचा आहे. शिस्त लावायची तर झाडाच्या स्वभावाची माहिती हवी आणि नियम पाळून घेण्याचा अधिकार हवा. पहिली गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रानात वाढलेली माणसे यांनी एकत्र बसून तयार करायची आहे. कोणत्या झाडाला छाटणी सोसते, कोणते बी किती वर्षांनी धरते, कारवी कधी कापावी, हे ज्ञान दोघांकडे अर्धे-अर्धे आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. बी पडल्यानंतर वाळलेल्या काठ्या नेल्याने तिचे काही बिघडत नाही. कुडाच्या घरात राहणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी आणि सामूहिक वनाच्या राखणीचा अधिकार दिला. २००२च्या जैविक विविधता कायद्याने गावाच्या जैवविविधतेची नोंदवही करायची तरतूद केली. सह्याद्रीच्या गावांत हे दोन्ही कायदे कागदावरून रानात उतरायला हवेत. ज्या ग्रामसभेच्या हातात हक्काचा कागद आहे, ती नरक्याच्या ठेकेदाराला दारातून परत पाठवू शकते. ज्या गावाला हक्कच नाही, तिथे तक्रार करणारा माणूस एकटा पडतो.

आणि शहरातले आपण? घाटातून येणारा हिरडा, मध, रानभाजी, औषधी मुळे, घराच्या पायाखालचा जांभा, दिवाणखान्यातले लाकूड हे सगळे आपल्यापर्यंत पोचते. आपण विकत घेतो, म्हणून आपणही डोंगराचे वापरकर्ते आहोत, आणि झाडावरचा सर्वांत मोठा ताण दूरच्या खरेदीदाराचा असतो, हे राबापासून नरक्यापर्यंतच्या दीडशे वर्षांनी दाखवून दिले आहे. मूळ असेल तर ते लागवडीतले आहे का, असे दुकानदाराला विचारावे. फळ असेल तर ते गोळा करणाऱ्याला भाव काय मिळाला, हे विचारावे. कासला जायचे असेल तर गावच्या समितीने ठरवलेल्या वाटेवरूनच चालावे आणि शुल्क आनंदाने द्यावे. डोंगरात राहणाऱ्या माणसाला उद्याही त्याच झाडाकडे यायचे आहे. त्याच्याकडे हक्क असेल, त्याच्या कष्टांना दाम मिळत असेल आणि त्याच्या अनुभवाला शास्त्राची साथ असेल, तर झाडाची राखण करण्याचे त्याच्याइतके सबळ कारण दुसऱ्या कोणाकडेही नाही.